अमिसला तळ्यात उतरू द्यावे

१. माझे पती सर वॉरिन सुगीच्या दिवसांत तापाने वारले.
२. मी गरोदर आहे. माझी आई आणि मावशी, दोघी बाळंतपणातच गेल्या.
३. दीर फल्क माझ्यादेखत म्हणाले, "अमिसला मठात देऊन टाकू. पोर देवाची, जमीन आपली." अमिस माझी मुलगी.
४. मी गेले आणि मुलांचा मामा, म्हणजे माझा भाऊ, सांभाळणार असेल तर मुले त्याच्याकडे जातील, असे आमची जमीन ज्यांच्याकडून आहे त्या सरदारांनी कबूल केले आहे. त्यांना मामाचा होकार हवा.

म्हणून मी, ऑल्डमिअरची इडोनिया, बुद्धी स्थिर असताना आणि कोणाचा दाब नसताना, पुढील व्यवस्था लिहीत आहे.

आत्मा देवाचा. देह चॅपलमध्ये वॉरिनच्या उजवीकडे ठेवावा. डावीकडे भिंतीतून पाणी झिरपते; पाद्रींना मी ते दाखवले आहे.

सासूबाई लेडी हॅविस यांना माझा खारीच्या कातड्याचे अस्तर असलेला झगा. "तुला हा रंग खुलत नाही गं," असे त्या दर हिवाळ्यात म्हणत. त्यांना खुलेल.

दासी एमॉट हिला निळ्या पडद्यांचा पलंग, गादीसह. तिने तो विकू नये, त्यावर झोपावे.

फल्क यांना वॉरिनचा ससाणा. तो कोणाचे ऐकत नाही. दोघांचे जमेल.

भाऊ हॅमनला वडिलांची पाणसळ, म्हणजे बांधाची पातळी बघायची ती लाकडी पन्हळ. माहेरी, रशमिअरच्या तळ्यावर, आम्ही दोघे तिच्यावरच पाणी मोजायला शिकलो. पानगळीत तळे रिकामे करत. बांधातले पाणी सोडायचे दार उचलले की पाणी गुरगुरत निघे आणि तळाशी ब्रीम मासे चमकू लागत. आम्ही गुडघाभर चिखलात उभे राहून ओले गवत घातलेल्या टोपल्यांत मासे भरायचो. वडील बांधावरून ओरडत, "अरे, शेपटी काय धरता? कल्ल्यांपाशी धरा!" हॅमन मला बेडकी म्हणे. आई दोघांनाही घरात घेण्याआधी हौदात बुचकळून काढी. तो गारठा मला अजून आठवतो.

वडिलांमागे हॅमनने तळ्याला नवे दार बसवले. ते कलले आहे, असे मी सांगितले. तो गड्यांसमोर हसला, "बेडके, लग्न झालंय तुझं. आता सासरचं पाणी मोज." बर्फ वितळले तेव्हा दार गेले, बांध गेला, मासेही गेले. तेव्हापासून आमच्यात निरोप नाही.

दार कलले होते, हे विधान मी मागे घेत नाही. राग मात्र कोणाच्या नावे करत नाही. तो माझ्याबरोबर पुरावा.

पाणसळ पुढे अमिसची. वडिलांनी मला शिकवले तसे हॅमनने तिला शिकवावे. ती पाच वर्षांची आहे आणि तिचे पाय अजून चिखलात गेलेले नाहीत.

साक्षीदार: पाद्री ऑसबर्ट, सुईण सिबिला (क्रुसाची खूण).
सही व मोहोर: इडोनिया.
ऑल्डमिअर, संत लूकचा दिवस, सन १३३८.

हॅमन, ही प्रत तुझ्यासाठी. तीन आठवड्यांवर आलेल्या संत मार्टिनच्या सणानंतर मी बाळंतिणीच्या खोलीत असेन; तिथे बाहेरच्या पुरुषाचा निरोप आत येत नाही. अमिसला आणि येणाऱ्या मुलाला तू घेशील का? हो किंवा नाही, त्या सणापर्यंत कळव.