आत्याने ठेवलेलं नाव

प्रिय आई,

बंगळुरूहून विनिताचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. सोनिवलीत पाणी रोज येतंय ना?

लॅबमध्ये उंदरांना नवी वाट शिकवतात. मग मी त्यांना मऊ ब्रशने हलवून जागं ठेवते. न झोपलेला उंदीर दुसऱ्या दिवशी ती वाट विसरलेला असतो. त्यांच्यासोबत मलाही जागावं लागतं, एवढंच.

रविवारी दादाच्या बाळाचं बारसं झालं. आत्या म्हणून फोनवरून मीच त्याच्या कानात नाव सांगितलं आणि तशीच ड्युटीवर गेले. आई, ते नाव मला आठवत नाहीये. तुझा फोन कायम स्पीकरवर, नूतनवहिनी ऐकेल, म्हणून हे पत्र. तेवढं नाव मोठ्या अक्षरात लिहून पाठव.

बाळाला पापा.

तुझी विनू