वाचून दाखवलेलं म्हणणं

आई,

तुझी ती मुलगी शनिवारी घरी आली होती. मी मनात अजून तिला तसंच म्हणते. बाकीचे सगळे मॅडम म्हणतात. लॉ कॉलेजात शिकवून झालं की तू जिन्याखालच्या ज्या खोलीत बसायचीस, त्या खोलीतल्या कामाचं आता विद्यापीठात मानवी हक्क केंद्र झालंय, आणि ती त्याची प्रमुख आहे. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, पण तिच्या बोलण्यात तू जरा बाहेर गेल्यासारखी असतेस. "बाई असं म्हणायच्या." "बाईंना हे चाललं नसतं." मी तुझी पोटची, आणि मला मात्र आठवायला थांबावं लागतं.

केंद्र विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक काढतंय. अन्याय झालेल्या माणसाचं म्हणणं तू कसं लिहून घ्यायचीस, त्याबद्दल. "जबाब पोलीस घेतात, आपण म्हणणं ऐकून घेतो," हे तुझं वाक्य पहिल्याच पानावर आहे. आणि तुझा तो नियम: लिहिलेलं त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचं, त्यानं 'असंच' म्हटल्याशिवाय सही घ्यायची नाही. बिडी कामगार बायकांच्या कितीतरी तक्रारी त्या नियमामुळं कोर्टात टिकल्या, असं ती म्हणाली. मग वही उघडली. "हा नियम सुरू कुठून झाला, ते घरच्या माणसाकडून हवंय, ताई."

मी सांगितलं की आपल्या स्वयंपाकघरात. मी सातवीत होते. सिस्टरनी पट्टीनं मारलं म्हणून कॉन्व्हेंट शाळेतून रडत आले. तू पीठ लागलेले हात पुसलेस, माझं म्हणणं लिहून घेतलंस आणि वाचून दाखवलंस. तेव्हा मी म्हटलं, नाही, मारलं नाही, सिस्टर पट्टी दाखवून हसल्या. तू ते खोडून पुन्हा लिहिलंस, आणि त्या दिवसापासून कुणाचंही म्हणणं वाचून दाखवल्याशिवाय पुढं नेलं नाहीस.

आई, त्यातलं स्वयंपाकघर तेवढं खरं.

रविवार आहे. कुंभारी गावाहून तिच्या आईबरोबर आलेली ती माझ्याच वयाची मुलगी पाटावर बसलीय. बिड्या वळून वळून बोटं पिवळी झालेली. मी दारात उभी आहे, हातात इंग्रजी निबंधाची वही, कारण तू ऐकणार होतीस. पण तू तिचं म्हणणं वाचते आहेस. "कारखान्यात तपासणाऱ्यानं माझ्या बिड्या खराब, छाट म्हणून फेकल्या आणि पट्टीनं हातावर मारलं."

"न्हाय बाई," ती म्हणते. "मारलं न्हाय. पट्टी दावून हसला."

"मग मारलं असं का सांगितलंस?"

"मारलं म्हटलं की लोक ऐकत्यात की."

तू पेन खाली ठेवतेस आणि तिच्याकडं बघतेस. तसं तू माझ्याकडं कधी बघितलं नव्हतंस. मग विचारतेस, "हसला, ते जास्त लागलं?"

"व्हय. लई."

ती गेल्यावर मी वही आपटली. तू म्हणालीस, "तुझं ऐकायला मी आहे, शाळा आहे. उद्या इंग्रजीत बोललीस तर साहेब लोक खुर्ची देऊन ऐकतील. तिचं कोण ऐकणार?" बरोबरच होतं. तुझं नेहमी बरोबरच असायचं, त्याचाच तर मला राग. पुढच्या आठवड्यात माझा कंपास तिच्याकडं दिसला. तिला वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी तू नवी कोरी इरकल नेसलीस. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला पोचलीस तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होते.

शनिवारी ती माझं सगळं लिहीत गेली. मान एकदाही वर केली नाही. तिला ठाऊक होतं, आई. पाटावर तीच तर बसली होती! लिहून झाल्यावर चहाचा कप बाजूला सरकवला आणि तुझ्याइतक्याच सावकाश मला वाचून दाखवलं. 'पट्टी दाखवून हसल्या' इथं तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "असंच ना, ताई?"

"असंच," मी म्हटलं.

तिनं कागद टेबलावर ठेवला. "सहीची घाई नाही. बुधवारी येते." मग दारात चपला घालताना म्हणाली, "लहानपणी तुमचा किती राग यायचा मला, माहितीय? बाईंचं सारखं आपलं, माझी लेक इंग्रजीत निबंध लिहिते, माझी लेक अशी वाचते. म्हटलं, कोण ही एवढी शहाणी!"

ती हसत हसत गेली. मी मात्र किती वेळ दाराला धरून उभी होते. माझं कौतुक करायला तुला तीच सापडली? तेही मला तिच्याकडूनच कळायचं होतं?

उद्या बुधवार. सही केली तर ते पुस्तकात छापून येईल, मुलं शिकतील, आणि तिची गोष्ट कायमची माझी होईल. ती एका शब्दानं हरकत घेणार नाही. तिचं हे देऊन टाकणं अगदी तुझ्यासारखं आहे, आणि मला तेच सोसत नाही. मघाशी मी फोन केला. म्हटलं, "अगं, त्यात एक चूक आहे."

"कुठली, ताई?"

सिस्टर बिचाऱ्या माझ्यावर कधी हसल्या नाहीत, एवढं तरी सांगावं असं वाटलं. पण फोनवर जमेना. "वही घेऊन ये. पहिल्यापासून सांगते."

"येते," ती म्हणाली, आणि फोन लगेच ठेवला नाही. मीही नाही.

हे पत्र टाकणार कुठं, म्हणून तुलाच तेवढं सांगते. शनिवारपासून चार दिवस मी ती गोष्ट खरी धरून घरात वावरले. आणि मला फार बरं वाटलं.