दार लावलंस का?

तळ्याकाठचं घर, हॅनकॉक
४ मार्च

ती. हेल्मीमामीस,
रेइनोचा सा. न. वि. वि.

घर ठीक आहे. खिडक्या दोनदा तपासल्या. मांजर खाऊनपिऊन आहे. नवे मालक एकतीस तारखेला येणार. त्याआधी आर्वोमामांनी शेवटच्या आजारात तुमच्यासाठी कॉम्प्युटरवर बोलून ठेवलेलं काढून द्यायचं मी कबूल केलं होतं. पण डिस्कला कुलूप आहे.

शाळा मी दहावीतच सोडली, पण हे मामांनी शिकवलं होतं. बटण दाबलं की आधी मेमरीतच एक छोटी, तात्पुरती व्यवस्था उभी राहते. तिने डिस्क शोधायची, कुलूप उघडायचं, कारभार डिस्कवरच्या मोठ्या व्यवस्थेकडे सोपवायचा आणि स्वतःला पुसून टाकायचं. मामा म्हणायचे, ही आपल्या सौनाची, वाफेच्या न्हाणीची, बाहेरची खोली. कपडे काढण्यापुरतं थांबायचं, तिथे राहायचं नाही. तिला कालचं काही आठवत नाही.

तिथे पासवर्डच्या जागी एकच ओळ येते: "हेल्मी, दार लावलंस का?" सगळ्यांची नावं, जन्मतारखा, एकेक अक्षर तपासून घातल्या. उघडत नाही. मामांना जाऊन सात आठवडे झाले, मामी. त्या खोलीला ते कळलेलंच नाही.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.
रेइनो


मार्केट शहर
९ मार्च

चि. रेइनोस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना हातातला कप खाली ठेवावा लागला. एकेचाळीस वर्षं तो अंथरुणातून रोज हेच विचारायचा. स्वतः उठून बघेल तर शपथ! मी म्हणायची, लावलं, मांजर आत आहे. तेवढंच लिहून बघ.

फ्रीजरमध्ये वेलदोड्याचा पाव आहे, तो संपव. खिडक्या तपासून पोट भरत नाही, वेड्या.

तुझी मामी


हॅनकॉक
१४ मार्च

ती. हेल्मीमामीस सा. न. वि. वि.

बुधवारी उघडलं! मामांच्या आवाजातल्या सदतीस ध्वनिफिती आहेत. पहिलीत तुमचं नाव ऐकलं आणि बंद केली. ते तुमचं आहे. उतरवून घ्यायला नवी डिस्क हवी होती, म्हणून काही बिघडू नये यासाठी यंत्र नीट बंद करून ठेवलं. हीच माझी चूक.

आज दुपारी डिस्क आणली, यंत्र सुरू केलं. ओळ वेगळी आली: "आज दार कुणी लावलं?" तुमचं उत्तर आता चालत नाही.

मी सगळं तपासलं. ती व्यवस्था ज्या फाइलमधून उभी राहते, तिच्यावर नोव्हेंबरची तारीख आहे. कुणी हात लावलेला नाही. मेमरीतलं तर पुसलं गेलं होतं. मग तिला सांगितलं कुणी?

एक कबूल करतो. बुधवारी मी ते उत्तर लिहिलं, तेव्हा दार उघडंच होतं. मांजरही बाहेर होतं.

यंत्र चालूच आहे. मी स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. काय करू ते लगेच कळवा. माझ्यावर रागावू नका.
रेइनो


मार्केट शहर
१८ मार्च

चि. रेइनोस आशीर्वाद.

रागावू कशाला? मी खोटं बोलले की तो अंथरुणातूनच ओळखायचा. तुझं तर हमखास ओळखणार.

यंत्र बंद करू नकोस आणि काही लिहू नकोस. बंद केलंस, तर पुढच्या वेळी तो काय विचारेल याची मला भीती वाटते. शुक्रवारच्या बसने येते. आधी मांजर आत घेईन, मग माझ्या हाताने कडी लावीन, आणि मगच त्याच्या खुर्चीत बसेन. तू तेव्हा अंगणात थांब.

त्याला लिहीन की दार मी लावलंय, आणि त्याने आता झोपावं.

माया आहेच, पोरा.
हेल्मीमामी