शेठच्या लारीमागचा दांडा

परभणी, पौष वद्य चतुर्थी, सन १९४५

डोकं अजून भणभणतंय. मागं झरीच्या रस्त्यावर आमच्या गावच्या वकिलांची मोटार किसनशेठच्या कापसाच्या लारीखाली घुसली. लारीची मागची फळी काच फोडून वकिलीणबाईंच्या तोंडावर आली. बाई जागीच गेल्या. त्यांना बाहेर मीच काढलं. म्हणून तर मी त्या लारीला मागं, गुडघ्याच्या उंचीवर, आडवा लोखंडी दांडा बसवून दिला. पुन्हा कुणी धडकलंच तर मोटार दांड्यावर अडेल, खाली घुसणार न्हाई.

आज शेठच्या कापसाच्या जिनिंगात गेलो तर दांडा गायब! शेठनं तो गोठ्याला अडसर म्हणून लावलाय. माझा दांडा!

"मिस्त्री, नदीच्या उतारात दगडाला लागायलता तो. अन् मागून येणारानं बघून यावं की! माझी काय जिम्मेदारी?"

काय बोलावं या हरामखोराला? म्हशी अडवायला दांडा पाहिजे, माणसं मेली तर चालतील?

तेवढ्यात त्याची लारी फाटकातून निघाली. शेठ बायकोला घेऊन आपल्या नव्या मोटारीत बसला अन् ड्रायव्हरला म्हणाला, "लारीच्या लय जवळ जाऊ नको रे. लांब ठेव."