बाबांच्या छातीवरचा भुंगेरा

पुराचा ऋतू, दुसरा महिना, दिवस नववा

चि. तुसास नेबरेदादाचे अनेक आशीर्वाद. आमोनदेव तुला सुखात ठेवो.

वि. वि. काल बाबा गेले. शेवटी पाणीही घशाखाली उतरेना. देह मिठात सुकवून टिकवायला मीठवाल्यांकडे दिलाय, सत्तराव्या दिवशी पुरायचा. पुरताना त्यांच्या छातीवर ठेवायचा हिरव्या दगडाचा भुंगेरा मीच घडवतोय. त्याच्या पोटावर नेहमीची ओळ कोरायची आहे: ‘हे हृदया, तराजूपुढे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.’

तू ये गं. सात वर्षांचा रुसवा पुरे झाला. आमच्या हिला डोक्यात माती घालून रडायला सांगितलं तर केसांची काळजी! लेकीसारखं कोण रडणार?

वाट पाहणारा,
नेबरे

दिवस एकविसावा

ती. दादास तुसाचा शि. सा. न.

वि. वि. पत्र पावलं. खोटं कशाला सांगू, रडू आलं नाही. नवऱ्याचा मार चुकवून, तापाने फणफणलेली माझी पोर मेरी कडेवर घेऊन मी बाबांच्या दारी आले होते. लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी अडसर काढला नाही. भर उन्हात उंबऱ्यावरच माझी मेरी गेली. तेव्हापासून मी त्यांना रोज शिव्याशाप देत आले.

ती ओळ कोरू नकोस. त्यांच्या हृदयाला बोलू दे. एवढं केलंस तर येते, म्हणशील तेवढं रडते.

वहिनींना नमस्कार. तुझ्यावर राग नाही.
तुसा

तिसरा महिना, दिवस दुसरा

चि. तुसास,

ओळ नसली आणि मेल्यावरच्या तराजूत हृदय पापाने जड भरलं, तर तिथे बसलेली ती मगरतोंडी राक्षसीण ते गिळते. मग माणूस कुठेच उरत नाही. चार दिवस छिन्नी हातात धरून नुसता बसलो.

त्या दुपारी मी घरातच होतो. बाबांचा हात अडसरावर होता. त्यांनी मला विचारलं, “उघडू का रे?” माझं लग्न ठरत होतं, नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात दिसली तर ते मोडेल असं वाटलं. मी नको म्हणालो. पुढे तुझा सगळा राग त्यांनी मुकाट्याने आपल्या अंगावर घेतला, मला एका शब्दाने बोलले नाहीत.

त्यांची ओळ पुरी कोरली आहे. माझ्या भुंगेऱ्यावर मात्र ती नको, असं हिला सांगून ठेवलंय. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी ये.

नेबरे

दिवस बारावा

नेबरे यास,

उद्याच्या नावेने निघते. बाबांच्या पायाशी बसून रडेन. सात वर्षं मी भलत्याच माणसाला शाप दिले, आणि आता माफी मागायला ते नाहीत. तुझ्या घरी उतरणार नाही. तुझ्या ओळीचं तुझं तू बघ, मला विचारू नकोस.

लोभ होता, एवढं ध्यानात असावं.
तुसा