कुरणात नांगर येणार नाही

तीर्थरूप उमेंद्रभाऊंना,

चिचगडहून धाकट्या बहिणीचा, रुख्माचा, वाकून नमस्कार. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तुमच्या लेकीची, भूमिकाची, परीक्षा बरी गेली का? आम्ही इकडे धडधाकट आहोत आणि तसेच राहू. फोन सोडून पत्र लिहिते, कारण फोनवर माझं बोलणं वाढलं की तिकडे भर कुडवा गावात तुमची रेंज जाते.

तुम्ही निरोप धाडला, की गावचं कुरण जळालंच आहे तर नांगर घालून धान लावा, गवत कायले पेरता, वेड लागलं का? भाऊ, वेड लागलं असेल. धान लागणार नाही.

कुरण आमच्याच घरच्या हातानं जळालं, हे मी कुठं लपवते? मागच्या साली मोहाच्या दिवसांत आमच्या कवडूनं (नवऱ्याचं नाव घेते, रागात चालतं) फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला आणि चहा प्यायला घरी आला. चहा निवेपर्यंत टेकडी काळी झाली. राखेत तितराची अंडी सापडली, भाजलेली. ती पाहून तो तिथंच बसला, सांज झाली तरी उठेना. मग पावसात त्या जागेवर नुसता तरोटा माजला. माणूस त्याची भाजी करून खातो, पण चितळ तोंड लावत नाही. चितळं उपाशी, म्हणून आमच्या धानाच्या कोवळ्या रोपांत, पऱ्ह्यात, उतरली. तेव्हा गावानं ठरवलं, की दोष चितळांचा.

मी, शेजारची सुशीलाबाई आणि आणखी काही जणींनी दिवाळीनंतर नाल्यापलीकडच्या वाचलेल्या गवताचं बी झोडून आणलं. वाळत घातलं तर चिमण्यांनी पंगत मांडली. उरलेल्यातलं थोडं कोरडंच उतारावर फेकून पाहिलं, ते मुंग्यांनी ओळीनं वाहून नेलं (मुंग्यांत जी एकी आहे, ती आपल्या गावात असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं). मग शेणमातीत बी कालवून गोळे केले. ते सुशीलाबाईच्या सासूनं गोवऱ्या समजून चुलीत घातले, आणि वरून आम्हालाच बोलली, की आजकालच्या बायांना धड गोवरी थापता येत नाही.

मृग लागल्यावर नवे गोळे घेऊन टेकडी चढलो. मी घसरले. गोळे माझ्याआधी खाली पोचले. खाली तमाशा पाहायला उभ्या असलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी चिखलासकट उठले आणि पुन्हा चढू लागले. मागे वळून पाहते तर कवडू दुसरी टोपली डोक्यावर घेऊन येऊन राहिला.

मी म्हटलं, "तुम्ही कायले आले? लोक हासून राहिले."

तो म्हणाला, "जाळताना नाही लाजलो, आता पेरताना कायले लाजू?"

त्यानंतर टाळ्या थांबल्या. आम्ही अंधार पडेपर्यंत पेरत होतो.

आता उतारावर गवताचे कोंब आले आहेत, टकलावर चुकार केस उगवावेत तसे. तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण नांगर आला तर मी त्याच्यापुढं आडवी पडेन, आणि मला हलवायला किती माणसं लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्या भावाचं ऐकावं, असं आई सांगायची. तिनं मोठ्या भावानं काय बोलावं तेही सांगायला हवं होतं.

तुमची, न ऐकणारी,
रुख्मा

ता. क. : सगळीकडे उगवलं, असं मी वर कुठं लिहिलेलं नाही. अर्ध्याअधिक उतारावर अजून तरोटाच आहे. पुढच्या साली पुन्हा पेरू.

आणखी एक ता. क. : कुरण ठेवायचं की नांगरायचं, ते येत्या ग्रामसभेत हात वर करून ठरणार आहे. मतदार यादीत तुमचं नाव अजून चिचगडलाच आहे, आणि आमच्या बाजूला एक हात कमी पडून राहिला. वरचं एक अक्षरही मी मागे घेत नाही. तरी या. तुमचं म्हणणं कुडव्यालाच राहू द्या, हात तेवढा घेऊन या.