कातळावरचा स्पंज आणि सक्करदऱ्याचे घर

मी, सुमती नत्थूजी गजभिये, वय एकसष्ट, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार सक्करदरा, नागपूर, माझ्या पश्चात काय व्हावे ते स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. थकले आहे, ती बाब वेगळी.

१. राहते घर माझा दिवंगत धाकटा भाऊ ताराचंद याची पत्नी शोभा हिला द्यावे. विकावेसे वाटले तर तिने खुशाल विकावे, माझी आठवण म्हणून सांभाळू नये.

कारण लिहिते. आमची आई रक्ताच्या कर्करोगाने गेली. समुद्री स्पंजातल्या द्रव्यांवरून त्या रोगावर परदेशात औषध तयार झाल्याचे पुढे वाचले, आणि दर दिवाळीच्या सुटीत मी रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर ओहोटीला कातळ धुंडाळू लागले. एका स्पंजाचा अर्क मुंबईच्या प्रयोगशाळेत रोगी उंदरांना दिला. ते उंदीर जास्त जगले. आणखी स्पंज पाठवा, असे कळवले गेले. मी पोहोचले तोवर त्या कातळावर बोटींसाठी धक्का बांधून झाला होता. शेजारच्या खडकांवरून तसाच दिसणारा आणला. त्यात तो गुण नव्हता. पुढे कितीदा तरी गेले. नव्हताच.

मग तोच रोग ताराचंदला झाला. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातली नोकरी सुटली. दवाखान्यात त्याला ते परदेशी औषध सुरू झाले.

"बाई, हे तुयं औषध हाय का वं?" त्याने विचारले.

"नाही गा. दुसऱ्याइनं केलं. त्याइच्या समुद्रातल्या स्पंजावरून."

"समुद्र तं एकच असते ना," म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला.

त्या औषधावर तो मुलीच्या लग्नापर्यंत जगला. मांडवात खुर्चीवर बसून होता. त्याचे सगळे शोभाने केले, आणि आता माझेही तीच करते.

२. पुस्तके व सूक्ष्मदर्शक कॉलेजला द्यावेत. मात्र रंगकाम निघाले म्हणून ज्या विभागप्रमुखांनी माझ्या स्पंजांच्या बरण्या उकिरड्यावर टाकायला लावल्या, त्यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. ते उठतीलच. बसवावे.

३. अंत्यविधी त्रिशरण-पंचशील म्हणून साधेपणाने करावा.

४. उरलेल्या बरण्या स्वयंपाकघरातल्या फडताळात आहेत. धक्क्याखाली गेलेल्या कातळावरच्या त्या स्पंजाचा, ओळखीसाठी राखलेला एक लहान तुकडा त्यांत आहे. त्या मुंबईच्या प्रयोगशाळेला द्याव्यात. नको म्हणाले तर कोणी वाद घालू नये. स्पंज अंगणात पुरावेत, स्पिरिट चुलीपासून लांब ओतावे. रिकाम्या बरण्यांत लोणचे घालू नये. शोभा म्हणेल, धुतल्या की चालतात. चालत नाहीत.

साक्षीदारांसमक्ष वाचून घेतले, बरोबर आहे.

सही: सुमती न. गजभिये
साक्षीदार: भैयाजी रामटेके, शेजारी
साक्षीदार: गोविंदा वासनिक, निवृत्त शिक्षक
नागपूर, ११ डिसेंबर १९८३